पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण निवडताना नेमके काय पाहावे?

प्रश्न : शाखाप्रशासन

नमस्कार. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका नागरी सहकारी पतसंस्थेचा प्रशासन विभाग सांभाळते. मुख्य कार्यालय धरून आमच्या सात शाखा आहेत. कर्मचारी ५२ असून त्यांच्याखेरीज दैनिक ठेव गोळा करणारे ३१ पिग्मी एजंट आहेत.

मागील वर्षी संचालक मंडळाच्या मंजुरीने आम्ही एका खासगी कंपनीकडून ऑनलाइन प्रशिक्षणाचे वार्षिक पॅकेज घेतले. दर माणशी १,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,१०,४४८ रुपये खर्च झाला. यादीत दोनशेहून अधिक अभ्यासक्रम होते : नेतृत्वगुण, वेळेचे नियोजन, ताणतणाव, ईमेलचे शिष्टाचार आणि असेच आणखी पुष्कळ. तीन महिन्यांत बहुतेक सर्वांची प्रमाणपत्रे आली आणि तो आकडा मी मासिक सभेत मोठ्या समाधानाने वाचूनही दाखवला. पुढे एकदा अहवालातील वेळा नजरेखालून घातल्या, तेव्हा ध्यानात आले की एका शाखेतील सातही जणांचे अभ्यासक्रम एकाच दुपारी, एकाच संगणकावरून, दर बारा मिनिटांना एक या हिशेबाने पूर्ण झाले होते. संगणकात तरबेज असलेल्या एका तरुण लिपिकाने ‘सर्वांचे एकदाच उरकून टाकतो’ म्हणून ते काम अंगावर घेतले होते.

त्याच्यावर कारवाई करावी, असे काही संचालकांचे मत पडले. मला मात्र त्याच्या लबाडीपेक्षा आमची निवडच अधिक चुकली असे वाटत राहिले, कारण व्हिडिओ इंग्रजीत होते, त्यांतील उदाहरणे महानगरांतल्या मोठ्या कंपन्यांची होती आणि आमचा रोखपाल सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत खिडकीवरून उठूच शकत नाही.

आता नव्या वर्षासाठी तीन प्रस्ताव समोर आहेत. एका कंपनीने सहकारी बँकांसाठी तयार केलेले मराठी पॅकेज देऊ केले आहे. एका प्रशिक्षण संस्थेने दर शनिवारी थेट ऑनलाइन व्याख्यानांची मालिका सुचवली आहे. आमचे एक संचालक म्हणतात की इंटरनेटवर इतके काही फुकट असताना पैसे खर्च करण्याचे कारणच काय. यांतून निवड कोणत्या निकषावर करावी आणि ती योग्य ठरली की नाही हे पुढे कसे ओळखावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त_प्रशिक्षक

मॅडम, आपण लिहिलेला प्रसंग माझ्याही परिचयाचा आहे. एका नागरी सहकारी बँकेच्या प्रशिक्षण विभागात मी चौदा वर्षे काढली. तेथेही प्रमाणपत्रांच्या फायली जाड होत गेल्या, पण शाखांतल्या चुका होत्या तेथेच राहिल्या.

माझा सल्ला असा की तिन्ही प्रस्ताव आठ दिवस कपाटात ठेवावेत आणि त्यांच्या जागी मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल टेबलावर घ्यावेत. त्यांच्या शेजारी सहकार कायद्याच्या कलम ८२ खाली आपण नमुना ‘ओ’ मध्ये सादर केलेले दोषदुरुस्ती अहवालही ठेवावेत. एखादा शेरा लागोपाठ तिन्ही वर्षे आला असेल, तर तो दोष दुरुस्त झाल्याचे आपण लिहून दिले आणि प्रत्यक्षात तो दुरुस्त झाला नाही, इतका त्याचा सरळ अर्थ होतो. असे वारंवार येणारे शेरे, सस्पेन्स खात्यात (कोणत्या खात्यात टाकायच्या हे ठरलेले नाही अशा रकमा तात्पुरत्या ठेवण्याच्या खात्यात) महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या नोंदी आणि ग्राहकांच्या लेखी तक्रारी एका कागदावर उतरवल्या, की आपल्या संस्थेला कोणता अभ्यासक्रम हवा हे कोणत्याही विक्रेत्यापेक्षा आपल्यालाच अधिक चांगले कळेल.

मात्र त्या कागदावरील प्रत्येक चुकीवर प्रशिक्षण हा उपाय नसतो, आणि बहुतेक संस्था फसतात त्या येथेच. कर्जप्रकरणात जामीनदाराची सही राहिली, तर ती घ्यायची असते हे लिपिकाला ठाऊक नव्हते असे क्वचितच असते. महिनाअखेरीला उद्दिष्ट गाठायचे म्हणून शाखाधिकाऱ्याने ‘सही नंतर घेऊ’ असे सांगितलेले असते. त्या शाखेला व्हिडिओ दाखवून काहीही बदलणार नाही, तेथे मंजुरीची पद्धतच बदलावी लागेल. याउलट मृत ठेवीदाराच्या वारसाला तीन-तीन हेलपाटे घालावे लागत असतील, नामनिर्देशन असताना कोणती कागदपत्रे पुरेशी आहेत आणि नसताना कोणती लागतात हे खिडकीवरच्या माणसाला सांगता येत नसेल, तर ते निखळ अज्ञान आहे आणि वीस मिनिटांच्या चांगल्या पाठाने ते दूर होते.

सोनेतारणाचेही असेच दोन भाग पडतात. दागिना कसोटीवर घासून कस पाहणे हे पडद्यावर पाहून कोणालाही येत नाही, त्यासाठी जाणकार मूल्यांकनकाराच्या शेजारी बसून हात बसवावा लागतो. पण पाकीट कसे मोहोरबंद करावे, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन व्यक्तींकडे का असाव्यात, दागिना परत देताना कोणती पावती मागे घ्यावी आणि मुदत संपल्यावर नोटीस कशी द्यावी, हे सर्व ऑनलाइन उत्तम शिकवता येते.

निवड योग्य ठरली हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : प्रशिक्षण घेणाऱ्यांना ते कसे वाटले, ते काय शिकले, कामावर परतल्यावर त्यांची कामाची रीत बदलली का, आणि संस्थेला त्याचा परिणाम दिसला का. कंपन्यांचे अहवाल पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात, कारण पुढच्या दोन त्यांना मोजता येत नाहीत. त्या आपणच मोजायच्या असतात. आज सस्पेन्समध्ये ३० दिवसांहून जुन्या किती नोंदी आहेत हे लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. प्रमाणपत्रांचा आकडा सभेत वाचण्यापेक्षा हा आकडा वाचावा.

उत्तर २ : तारणखाते

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका पतसंस्थेचा मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु आपल्या पहिल्या प्रस्तावाविषयी, म्हणजे सहकारी बँकांसाठी तयार केलेल्या पॅकेजविषयी, सावध करावेसे वाटते. आम्ही तेच घेतले होते. मराठी सुरेख होती, आवाज स्पष्ट होता, आणि त्यामुळेच त्यातील चुकीची माहिती कर्मचाऱ्यांच्या मनात पक्की बसली.

उदाहरण देतो. ठेवींच्या पाठात ‘प्रत्येक ठेवीदाराची ५ लाख रुपयांपर्यंतची ठेव विम्याने सुरक्षित असते’ असे वाक्य होते. बँकेसाठी ते बरोबर आहे, कारण ठेव विमा महामंडळाने ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाखांवर नेली. पण पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागूच नाही. आमच्या एका शाखेतील मुलीने पाठ मनापासून ऐकला, चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि दुसऱ्याच आठवड्यात एका निवृत्त शिक्षकांना ‘सर, तुमची ठेव ५ लाखांपर्यंत विम्यात आहे’ असे सांगितले. तिची यात काय चूक? उद्या ते गृहस्थ लेखी मागतील, तेव्हा आपण काय देणार आहोत? वसुलीच्या पाठातही हेच घडले. तेथे तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याची सविस्तर माहिती होती, जी सहकारी बँकेला उपयोगी आहे, पण पतसंस्थेला तो मार्ग खुला नाही. आपली वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखला, कलम १५६ आणि नियम १०७ यांच्या वाटेने जाते, आणि त्या पाठात कलम १०१ चा उल्लेखही नव्हता. तक्रार निवारणाच्या पाठाचा शेवट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याच्या सल्ल्याने होत होता, तर आपल्या ग्राहकाला निबंधक कार्यालयाकडे जावे लागते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी प्रत्येक पाठ आपल्या वसुली अधिकाऱ्याला आणि वरिष्ठ लेखापालाला पूर्ण पाहायला लावावा. जी कंपनी नमुन्याचे दोनच पाठ दाखवते आणि उरलेले करारानंतर दाखवू म्हणते, तिच्याशी व्यवहार करू नये.

मजकूर किती ताजा आहे, हेही पाहावे. भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे, तरी फसवणुकीच्या पाठात अजून ‘कलम ४२०’ सांगितले जात असेल, तर तो पाठ त्या तारखेनंतर कोणी उघडूनही पाहिलेला नाही असे समजावे. नव्या संहितेत ती तरतूद कलम ३१८ मध्ये आहे. प्राप्तिकराबाबतही तोच प्रश्न येतो, कारण १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि रोख व्यवहारांवरील मर्यादांची जी कलमे आपण तोंडपाठ केली होती त्यांचे क्रमांक नव्या कायद्यात वेगळे आहेत. कायदा बदलल्यावर किती दिवसांत पाठ दुरुस्त होईल आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का, हे करारात लिहून घ्यावे.

आणखी एक बाब संचालक मंडळासमोर आधीच मांडून ठेवावी. सहकार कायद्याच्या कलम २४-अ प्रमाणे सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांचे सहकारी शिक्षण व प्रशिक्षण शासनाने अधिसूचित केलेल्या संघीय संस्था किंवा शिखर प्रशिक्षण संस्था यांच्यामार्फत व्हावे लागते. खासगी कंपनीचे पॅकेज कितीही चांगले असले, तरी त्याने ही जबाबदारी पूर्ण होत नाही. आपल्याला शनिवारची व्याख्याने देऊ करणारी संस्था अधिसूचित यादीत आहे का, हे सहायक निबंधक कार्यालयातून पाहून घ्यावे. ती यादीत असेल, तर तिचा प्रस्ताव एकदम वेगळ्या तराजूत बसतो. कार्यस्थळी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालील जागृती कार्यशाळाही याच वार्षिक आखणीत बसवाव्यात, कारण त्या घेणे नियोक्त्याचे कर्तव्य आहे आणि ते हमखास विसरले जाते.

उत्तर ३ : पडद्यामागचा

मी पुण्यात अशा अभ्यासक्रमांचे लेखन करतो, त्यामुळे विकणाऱ्यांच्या बाजूने चार गोष्टी सांगू शकतो.

कोणताही पाठ ‘मराठीत’ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पुष्कळदा इंग्रजी संहितेचे शब्दशः भाषांतर करून ते यंत्राच्या आवाजात वाचलेले असते, आणि मग ‘आपले ग्राहक आनंदित करा’ यासारखी वाक्ये ऐकून कर्मचारी आवाज बंद करून ठेवतात. शाखेत दिवसाचा हिशेब बंद करण्याला ‘डे-एंड’ म्हणतात, ‘व्हाउचर’ म्हणतात, ‘थकबाकी’ म्हणतात. पाठातही हेच शब्द हवेत. उत्तम परीक्षा म्हणजे आपल्या सर्वांत जुन्या रोखपालाला एक पाठ ऐकवावा आणि त्यांनी तो आपल्याला त्यांच्या शब्दांत परत सांगावा. त्यांना सांगता आला तर पाठ चांगला आहे.

फुकट साहित्याविषयी आपल्या संचालकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. संगणक वापरण्याच्या कौशल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ अवश्य पाहावेत. ते सुमारे दहा मिनिटांचे असतात, अनेक पाठांचे निवेदन मराठीत आहे, आणि पडद्यावर पाहत पाहत शेजारीच ती क्रिया स्वतः करत जाण्याची त्यांची पद्धत आहे. लिबरऑफिस कॅल्कचे पाठ थकबाकीच्या याद्या हाताने जुळवणाऱ्या लिपिकाला फार उपयोगी पडतील. केंद्र शासनाच्या स्वयम या व्यासपीठावर वित्त आणि व्यवस्थापन या विषयांचे अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात, शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. पण ते महाविद्यालयीन धाटणीचे आणि काही आठवडे चालणारे असल्यामुळे सर्वांवर लादू नयेत, ज्याला पुढे जाण्याची ओढ आहे त्यालाच सुचवावेत. फुकट साहित्यात आपल्याला जे मिळणार नाही, ते म्हणजे आपल्या संस्थेचे पोटनियम, आपले कर्जधोरण आणि आपली संगणक प्रणाली. तेवढा भाग आपणच तयार करावा. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही, जाणता शाखाधिकारी आणि पडद्याचे चित्रण करणारी साधी सोय पुरते. मात्र खऱ्या ग्राहकांची खाती पडद्यावर दाखवू नयेत. आपल्या कोअर बँकिंग प्रणालीच्या पुरवठादाराकडून बनावट खात्यांचा सराव सर्व्हर मागून घ्यावा.

चाचणी केव्हा घ्यावी, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. आपल्या पॅकेजमधील चाचणी व्हिडिओ संपताक्षणी येत असेल, तर ती नेमके तेच मोजते जे आठ दिवसांत विसरले जाणार आहे. आठवड्याने तीन प्रश्न पाठवण्याची सोय कंपनीकडे नसेल, तर ते प्रश्न शाखाधिकाऱ्याने सोमवारी सकाळी कुलूप उघडल्यावर तोंडी विचारावेत, परिणाम अधिक चांगला होईल. प्रश्नही ‘पुढीलपैकी योग्य पर्याय निवडा’ असे नसावेत. ‘एक बाई मयत पतीचे पासबुक घेऊन आल्या आहेत, नामनिर्देशन त्यांच्या दिराच्या नावे आहे, तुम्ही त्यांना काय सांगाल?’ असा प्रश्न एका लिपिकाला सात जणांच्या वतीने सोडवता येत नाही.

करारात दोन गोष्टी पाहाव्यात. कर्मचारीनिहाय अहवाल एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो का, आणि वर्ष संपल्यावर तो आपल्याकडे राहतो का? तसेच कंपनी कर्मचाऱ्यांची कोणती माहिती मागते? नाव, शाखा आणि मोबाइल क्रमांक यापलीकडे आधार किंवा पॅन मागितल्यास कारण विचारावे, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या मुळाशी आवश्यक तेवढीच माहिती घेण्याचे तत्त्व आहे.

उत्तर ४ : लिपिक_ते_शाखाधिकारी

मी सभेत बसणारा नाही, खिडकीवर बसणारा आहे, म्हणून वेगळी बाजू मांडतो. वर सर्वांनी प्रमाणपत्रांना नावे ठेवली आहेत. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने प्रमाणपत्राला किंमत असते, फक्त ते ज्याला बाहेर मान आहे असे असावे लागते. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या एखाद्या प्रमाणपत्र परीक्षेचे शुल्क संस्थेने भरले, तर त्या मुलाला वर्षभर अभ्यासाचे कारण मिळते. तो उद्या बँकेत निघून जाईल, ही भीती मला मान्य आहे. पण शिकवलेच नाही तर तो न शिकता आपल्याकडेच राहील, याची भीती त्याहून मोठी नाही का? पतसंस्थेच्या कर्मचाऱ्याला कोणत्या परीक्षेला बसता येते, हे मात्र अर्ज भरण्यापूर्वी पाहावे, कारण जेएआयआयबीसारख्या (बँक कर्मचाऱ्यांच्या प्राथमिक पात्रतेच्या) परीक्षा त्या इन्स्टिट्यूटच्या सभासदांसाठी आहेत.

दुसरे, वेळ. आमच्याकडे ‘घरी मोबाइलवर पाहा’ असा फतवा निघाला होता. दिवसभर रोख मोजून घरी गेलेला माणूस रात्री नऊला केवायसीचा व्हिडिओ पाहील, असे ज्यांना वाटते त्यांनी तो स्वतः एकदा त्या वेळी पाहावा. आपल्या त्या तरुण लिपिकाने सात जणांचे काम उरकले, त्यात लबाडीबरोबर थोडी सहकाऱ्यांची दयाही असावी.

पुन्हा प्रश्नकर्त्या : शाखाप्रशासन

सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त_प्रशिक्षक सरांच्या सांगण्याप्रमाणे तीन वर्षांचे अहवाल काढून बसले, तेव्हा बारा शेरे तिन्ही वर्षे जसेच्या तसे आढळले. लेखापाल आणि दोन शाखाधिकारी यांच्यासह त्यांची छाननी केली. आमच्या मते त्यांपैकी पाचच अज्ञानाचे आहेत : वारस दावे, सस्पेन्सची जुळवणी, सोनेतारणाच्या पाकिटांची नोंद, केवायसीचे नूतनीकरण आणि पिग्मी एजंटांच्या रोजच्या भरण्याचा ताळमेळ. उरलेले सात शेरे ‘नंतर घेऊ’ या एका वाक्यातून आलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणाला प्रशिक्षण द्यावे लागेल हे मला येथे लिहिता येणार नाही.

बँकांसाठीचे मराठी पॅकेज मागवून पाहिले. तारणखाते सरांनी लिहिलेले विम्याचे वाक्य त्यात जवळजवळ त्याच शब्दांत सापडले, त्यामुळे तो प्रस्ताव बाजूला ठेवला आहे. शनिवारच्या व्याख्यानांच्या संस्थेबाबत सहायक निबंधक कार्यालयात विचारणा केली आहे. दरम्यान वरील पाच विषयांवर प्रत्येकी पंधरा मिनिटांचे पाठ आम्ही स्वतः करणार आहोत, आणि वारस दाव्यांचा पहिला पाठ त्याच तरुण लिपिकाकडे सोपवला आहे. संगणकाचा भाग तो पाहील, मजकूर आमच्या जुन्या लेखापालांचा असेल.

एक शंका उरते. आठवड्यातून अर्धा तास कार्यालयीन वेळेत द्यायचा, तर तो कोणता द्यावा? दोन शाखा बाजाराच्या गावी आहेत.

उत्तर : निवृत्त_प्रशिक्षक

सर्व शाखांना एकच दिवस ठरवू नका. प्रत्येक शाखेने आपला बाजाराचा दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ वगळून वार निवडावा, कारण बाजाराचा भरणा दुसऱ्या दिवशीच येतो. खिडकी बंद झाल्यावर आणि डे-एंड सुरू होण्यापूर्वीचा अर्धा तास आमच्याकडे सर्वांत चांगला टिकला. एका वेळी निम्मेच कर्मचारी बसवा, उरलेले पुढील आठवड्यात. पिग्मी एजंटांना मात्र यात धरू नका, ते त्या वेळी रस्त्यावर असतात. त्यांच्यासाठी सकाळी फेरीवर निघण्यापूर्वीची वेळ घ्यावी लागेल. आणि १५ मार्च ते १५ एप्रिल या काळात काहीही ठेवू नका.

पाठ तयार झाल्यावर तो प्रथम आपल्या सर्वांत जुन्या रोखपालांना दाखवा. पडद्यामागचा यांनी सुचवलेली ती परीक्षा आम्ही कधी घेतली नाही, याचे मला आज वाईट वाटते.